भामाबाईचा फोटो

मी जिवंत आहे हे सिद्ध करायला बँकेत बसले होते, तेव्हा तो फोटो आला. नोव्हेंबर लागला की आम्हा पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी सहीवर भागायचं, मग अंगठा आला, पण खडूनं आणि भांड्यांनी गुळगुळीत झालेला माझा अंगठा यंत्राला पटेना, म्हणून आता चेहरा. काउंटरवरच्या मुलीनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, डोळे मिचकवा." मिचकवले. "अजून एकदा, जरा हळू." साठी उलटलेल्या, आयुष्यभर पोरांना दटावण्यात गेलेल्या मास्तरणीनं भर रांगेत डोळे मिचकवायचे, यापरतं वय झाल्याचं प्रमाणपत्र दुसरं नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटली, म्हणजे मी होते. तेवढ्यात माझ्या पर्समधला मोबाईल वाजला. माझ्या भावाची मुलगी प्रगती. "आत्या, हे बघ! आजी म्युझियममध्ये!!" खाली एक फोटो. पांढऱ्या भिंतीवर मोठी चौकट, चौकटीत एक बाई. नऊवारी लुगडं, आडवं कुंकू, गळ्यात डोरलं, कानशिलाशी केस पिकायला लागलेले. खाली छापलेलं नाव, भामाबाई, हिर्डोशी खोरे. मी चष्मा पुसून परत बघितलं. भामाबाई माझी आई. पण त्या फोटोतला चेहरा आईचा नाही. तो माझा आहे.

आई गेली तेव्हा तिचा एकही फोटो नव्हता. हिर्डोशीच्या वर, जिथं एसटी सोडून तासभर चढायचं, तिथल्या आमच्या वस्तीवर शेरडं आणि गुरं सांभाळणाऱ्या बाईचा फोटो कोण कशाला काढेल? म्हणून भोरच्या फोटोवालीनं मला आईचं लुगडं नेसवून, आईच्या जागी बसवून तो काढला. मी तेव्हा सोळा-सतराची. हे ठाऊक असलेली माणसं तीन. माझे वडील, ती फोटोवाली आणि मी. त्यातली दोघं गेली. माझ्या धाकट्या भावाला, सिद्धनाथला, म्हणजे आमच्या सिधूला, यातलं काही ठाऊक नाही. आई गेली तेव्हा तो रांगत होता. त्याच्यासाठी आई म्हणजे तो फोटो. भिंतीवर, देवांच्या शेजारी. दर अमावस्येला तो फोटो पुसतो, हार घालतो, कुंकू लावतो, आणि लग्न असो, म्हैस विकायची असो, पहिल्यांदा जाऊन तिला सांगतो. म्हणजे मला सांगतो. मी माहेरी गेले की शेजारच्या खोलीत बसून त्याचं ते पुटपुटणं ऐकते आणि चहाच्या कपात बघत राहते. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये, आयुष्य कमी होतं म्हणतात. माझ्या फोटोला चाळीस वर्षं हार आहे आणि गुडघे सोडले तर मी ठणठणीत आहे, तेव्हा त्या म्हणण्यात काही दम नसावा. तरी प्रगतीचा पुढचा मेसेज मी दोनदा वाचला. "रविवारी पप्पा येणार आहेत बघायला. हार घेऊन! तू पण ये ना."

रविवारी स्वारगेटवरून भोरची एसटी धरली. खिडकीशी बसले आणि कात्रजच्या बोगद्यात अंधार झाल्यावर काचेत माझं तोंड दिसलं. मी नेहमीसारखं ते बघायचं टाळलं. आरशाशी माझं वैर आहे अशातला भाग नाही. पण आईला आठवायला गेलं की जे तोंड पुढं येतं, ते हेच. कांदा चिरताना, कुणाच्या बारशाला पाळणा ऐकताना, वर्गात एखादी पोर आई आली म्हणून पळत गेली की मलाही आई हवीशी वाटायची. मी डोळे मिटायचे आणि आत मीच बसलेली असायची, डोरलं घालून. आईचे हात आठवतात. भाकरी थापताना तिच्या तळव्याचा होणारा आवाज आठवतो. तिच्या लुगड्याला यायचा तो धुराचा आणि शेळीच्या दुधाचा वास तर अजून नाकात आहे. चेहरा तेवढा नाही. फोटो आला त्या वर्षापासून तो हळूहळू गेला, जसा वापरातल्या भांड्यावरचा नाव घातलेला ठसा जातो. आणि हे सांगायचं कुणाला? वडलांनी फोटो भिंतीला लावताना मला बजावलं होतं, "ठके, पोराला सांगू नगस. त्येला आय हाय असं वाटू दे." मी मान डोलावली. पुढं सांगायची वेळ टळली, आणि वेळ टळली की खरं बोलणंही शिळ्या भाकरीसारखं होतं, कुणाच्या पानात वाढावं ते कळत नाही. कापूरहोळला गाडी थांबली. ढाब्यावरचा पोऱ्या "वडापाव, वडापाव" करत खिडकीखालून गेला. पंक्चरच्या दुकानासमोर एक टेम्पो चाक काढून बसला होता. मला वाटलं इथंच उतरावं आणि समोरच्या गाडीनं परत पुण्याला जावं. घालू दे सिधूला हार. चाळीस वर्षं घालतोच आहे, आज चारचौघांत घालेल. उठलेसुद्धा होते. मागच्या बाईला वाटलं मी तिच्यासाठी जागा करतेय, ती तिचं बोचकं घेऊन माझ्या सीटच्या निम्म्यात येऊन बसली, आणि मग मला उतरायला वाटच राहिली नाही. माझ्या आयुष्यातले बरेचसे धाडसी निर्णय असेच झालेले आहेत.

फोटो काढायला गेलो तो दिवस मात्र मला कालच्यासारखा आठवतो. वडील, सावळा त्यांचं नाव, तसे अबोल गृहस्थ. आमच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवात ठेवतात. आईचाही केला होता. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई. आमच्या देव्हाऱ्यात अशा चार बायका होत्या, पणजी, आजी, चुलत आजी आणि आई, आणि चौघींची तोंडं एकसारखी, दोन ठिपके आणि एक रेघ. एक दिवस सिधू रांगत देव्हाऱ्याशी गेला आणि त्यानं पणजीचा टाक उचलून तोंडात घातला. वडील बघत होते. म्हणाले, "ह्येला कसं कळावं कुठली ह्येची आय?" दुसऱ्या दिवशी पहाटे आईचं लुगडं गाठोड्यात बांधून मला घेऊन ते भोरला निघाले. वाटेत मला काहीच सांगितलं नाही. मला वाटलं लुगडं विकायचं आहे, आणि मी सबंध वाट रडत आले.

फोटोवाल्या बाईंचं नाव अजीजुन्निसा. सगळा तालुका त्यांना फोटोवाली भाभी म्हणायचा. स्टुडिओ मूळचा त्यांच्या नवऱ्याचा, हनीफभाईंचा. पण परक्या पुरुषापुढं आमच्याकडच्या बायका मान वर करेनात, आणि हनीफभाईंच्या फोटोंत नुसते पदरच यायला लागले. शेवटी त्या गृहस्थानं कपाळावर हात मारून कॅमेरा बायकोच्या हातात दिला. भाभी पदराखाली कॅमेऱ्याची पेटी धरून एसटीनं वेल्ह्यापर्यंत जायच्या, जत्रेत, बाळंतिणीच्या खोलीत, कुठंही. त्यांचा नियम एकच, बायकांचा फोटो निघताना खोलीत पुरुष नको. वडलांनाही त्यांनी बाहेर बाकड्यावर बसवलं. "सावळाभाऊ, तुमी चा प्या. पोरगी कुठं पळून जात न्हाई." मग दार लावून माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. मी पहिली नव्हते. असे फोटो त्यांनी पुष्कळ काढले होते. लेकीला आईच्या जागी, बहिणीला बहिणीच्या जागी. त्यांनी स्वतः मला लुगडं नेसवलं. कानशिलाला पावडर चोळली. "लोकांच्या सुरकुत्या म्या पेन्सिलनं पुसते बग," त्या म्हणाल्या, "तुझ्या मातूर निगेटिव्हवर सुईनं कोराय लागतील." मग कॅमेऱ्यामागं जाऊन म्हणाल्या, "आता आईला आठव. लई न्हाई, जरासं. तोंड आपसूक तसं व्हतं." मी आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. पण पहाटेपासून पोटात काही नव्हतं आणि आतल्या घरातून कांद्याची भजी तळल्याचा वास येत होता. मी त्या दाराकडे बघितलं आणि तेवढ्यात फोटो निघाला. आठ दिवसांनी तो वस्तीवर आला. भामा कधी जत्रेत भाभीपुढं बसली असेल असं धरून सगळ्या बायाबापड्या जमल्या आणि ठकुबाईच्या, म्हणजे माझ्याच, गळ्यात पडून म्हणाल्या, बघा भामाचं डोळं, कशी माया भरलीया. ती माया भज्यांची होती. त्या दिवशी फोटो निघाल्यावर भाभींनी मला बशी भरून भजी दिली आणि बाहेर बसलेल्या वडलांनाही, हे सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल.

संग्रहालय भोरमध्येच, नदीकडच्या बाजूला, एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत आहे. आत चुन्याचा ताजा वास होता आणि भिंतीभर बायका होत्या. मी इतक्या बायका एका ठिकाणी इतक्या गप्प कधी बघितल्या नव्हत्या. पालीची एक ताकवाली, मागं राजगड, हातातल्या गडव्यानं ताक ओतायचं सोडून ती सरळ कॅमेऱ्यात बघतेय. वेल्ह्याची एक सुईण, दोन्ही हात पुढं करून, जणू सांगतेय की बघायचं तर हे बघा. दोन सवती एकाच खुर्चीवर निम्म्या निम्म्या बसलेल्या, आणि त्यांतली एक पडता पडता सावरलेली, त्यामुळे दोघी हसताहेत. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. एकही पदर पुढं ओढलेला नव्हता. मला एकाएकी कळलं की या बायकांकडे याआधी कुणी असं बघितलंच नसेल, घाई न करता, काही न मागता. नवऱ्यानं नाही, आईनंसुद्धा कदाचित नाही. आणि त्या रांगेच्या शेवटी मी होते. पाटीवर नावाखाली लिहिलं होतं, "डोळ्यांतले अथांग मातृवात्सल्य." मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण ती पोर, सोळा वर्षांची, भुकेली, आईवेगळी, कानशिलाला पावडर लावलेली, तिच्याकडे मीसुद्धा आजवर कधी बघितलं नव्हतं. तिला सगळ्यांनी आई म्हणून पाहिलं. तिचा स्वतःचा असा त्या वयाचा एकही फोटो नाही. चाळीस वर्षं ती तिथं बसून राहिली आणि कुणी तिला ऊठ म्हणालं नाही.

"मावशी, पाणी देऊ?" शेजारी एक तिशीची मुलगी उभी होती, गळ्यात ओळखपत्र. अम्रीन, भाभींची नात. हे प्रदर्शन तिनंच भाभींच्या जुन्या निगेटिव्हवरून मांडलेलं. "आमच्या दादीची ओळख होती का तुमची?"

"बसले होते एकदा त्यांच्यापुढं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग परत माझ्याकडे. आजीची नजर होती ती, घाई न करणारी. हळू आवाजात म्हणाली, "दादी म्हणायची, माझ्या पेटीतल्या मेलेल्या बायकांतल्या निम्म्या जित्या हायेत. कोण कोण ते कधी सांगितलं नाही. म्हणायची, लोकांच्या घरातली गोष्ट आहे, ज्यानं त्यानं सांगावी." मग तिनं विचारलं, "मावशी, ही पाटी बदलू का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "ज्याची आई आहे तो येतोय."

सिधू आला तो दाराशीच चपला काढून आला. बाकीचे लोक बूट घालून फिरत होते, पण त्याच्यासाठी आत आई होती. धुतलेला पायजमा, टोपी, मिशांना तेल, हातात पिशवी आणि पिशवीत झेंडूचा हार. मागं प्रगती, मोबाईल सरसावून. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. "आक्का! तू कवा आलीस? बगितलीस का आय? केवडी मोटी केलीय गं!" फोटोसमोर उभा राहून त्यानं हात जोडले. शेजारच्या अनोळखी माणसाला त्यानं सांगितलं, "माजी आय हाय ती." तो माणूस उगाच कसनुसा हसला आणि त्यानंही हात जोडले. मग सिधूनं पिशवीतून हार काढला. दारावरचा रखवालदार पुढं आला, हार चालत नाही म्हणाला. सिधू म्हणाला, "आवो, दुसऱ्याच्या आयला घालतूय का म्या?" रखवालदारानं अम्रीनकडे बघितलं. अम्रीननं माझ्याकडे.

मी चाळीस वर्षं शाळेत बोलले, गॅदरिंगमध्ये बोलले, शिक्षणाधिकाऱ्यापुढं बोलले. पण आता बोलायचं होतं ते एकट्या सिधूपुढं. मला दिसत होतं, त्याच्याजवळ आईचं म्हणून एवढं एकच आहे, आणि ते मी काढून घेणार. नाही घेतलं तर? तर तो समाधानानं हार घालेल, आम्ही हॉटेलात मिसळ खाऊ, मी पुण्याला जाईन. आणि भिंतीवरची ती पोर बसून राहील. त्यानं टाचा उंच केल्या.

"सिधू, थांब. हार घालू नगंस."

"का गं?"

"ती मी हाय."

तो हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला. मी सांगितलं. सगळं, लुगड्यापासून भज्यांपर्यंत. शाळेत शिकवल्यासारखं सांगितलं, एकामागून एक, कारण तसं नसतं सांगितलं तर मला सांगता आलं नसतं. तो फोटोपाशी गेला, काचेला नाक टेकेल इतका जवळ. सुईनं कोरलेल्या रेघा त्यानं बोटानं तपासल्या. परत माझ्याकडे आला आणि त्यानं माझ्या तोंडाकडे तसंच बघितलं, जवळून, बाजारात शेरडू पारखतो तसा. मला वाटलं, आता हा कधी माझ्याशी बोलणार नाही.

"म्हंजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "म्या तुला हार घालत व्हतो? जित्तेपणी? दर आमुशाला?" आणि भर संग्रहालयात, मिशीवाल्या त्या बाप्यानं माझ्या तोंडावरून दोन्ही हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "तुला काय झालं आसतं म्हंजी गं, आक्का? काय झालं आसतं?"

मला हुंदका फुटला. मी काय काय धरून चालले होते, राग, अबोला, खाली पडलेला हार. हे धरलं नव्हतं. याला आई गेल्याचं दुःख व्हायच्या आधी माझी काळजी पडली होती. प्रगती रडत होती, अम्रीननं भिंतीकडे तोंड केलं होतं. सिधूनं हार पिशवीत परत घातला, पिशवीची गाठ मारली, खाली ठेवली. टोपी काढून तोंड पुसलं. बराच वेळ फोटोकडे बघत राहिला, पण आता वेगळंच बघत होता, कडेवर घेऊन वाढवलेल्या एखाद्या धाकट्या बहिणीकडे बघावं तसं.

"लहान हायेस गं तू हितं," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मंग माजी आय कशी दिसायची?"

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. फोटो होता ना, विचारायचं काय? मी तोंड उघडलं. डोळे मिटले. आत तीच, डोरलं घातलेली, भज्यांकडे बघणारी. मी तिला बाजूला सारायला बघितलं, ती हलेना. हात आले, वास आला, तळव्याचा आवाज आला. वर काही नाही.

"मला न्हाई आठवत, सिधू," मी म्हटलं. त्याला खोटं सांगायचं आता माझ्यात त्राण नव्हतं. "खरंच न्हाई. तिचं तोंड माझ्याकडून हरवलं."

"न्हाई आठवत?" तो म्हणाला. "आगं, सोळा वर्सं पोटाशी व्हतीस की तिच्या. न्हाई आठवत व्हय?"

आणि हे म्हणताना त्याची डावी भुवई वर गेली. एकटीच. उजवी जागची हलली नाही. डाव्या भुवईखालचा डोळा मोठा झाला, ओठाचा एक कोपरा आत ओढला गेला, आणि मला समोर आमचा उंबरा दिसला. वडील बाजारातून येऊन सांगताहेत की शेरडाला त्यांनी किती दाम आणला, आणि उंबऱ्यात बसलेली ती, हातात पिठाचं पातेलं, डावी भुवई वर चढवून म्हणतेय, "व्हय का?" भुवईच्या मागोमाग सगळं आलं. गालावरचे देवीचे व्रण आले. पुढच्या दातांतली फट आली. काळीसावळी, रुंद जिवणीची, माझ्यासारखी अजिबात नसलेली, चेष्टेखोर बाई. मी तिच्यावर गेलेच नव्हते. मी वडलांवर गेले होते, आणि फोटोला एकदा आई म्हटल्यावर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"अशी," मी म्हटलं.

"काय अशी?"

"आत्ता तुजं तोंड हाय ना, तशी. हलू नगंस. तशीच दिसायची."

प्रगती मोबाईल चाचपडत पुढं आली. पण मी तिकडे बघितलं नाही. बोलला तर ती जाईल म्हणून सिधू तोंड मिटून, भुवई वर धरून, श्वाससुद्धा बेतानं घेत तसाच उभा राहिला, आणि मी आईला डोळे भरून बघून घेतलं.